भंगार कोरडे आहे हे कोणी पाहायचे?

कोल्हापूर म्हटले की तुम्हांला काय आठवते? तालमी आणि कुस्ती, गुळाच्या ढेपा, चपला, तांबडा रस्सा. पण पुणे-बंगळूर महामार्गावर कोल्हापूरच्या अलीकडे शिरोलीला किंवा पलीकडे गोकुळ शिरगावला एखाद्या संध्याकाळी उतरून पाहा. पत्र्याच्या उंच छपराखाली नारिंगी उजेड दिसेल, जळक्या वाळूचा उग्र वास येईल, आणि आतून घणाचे ठोके ऐकू येतील. या झाल्या कोल्हापूरच्या फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने. मोटारीच्या इंजिनाचा ठोकळा, पंपाचे कवच, ट्रॅक्टरचे भाग, यंत्राचे बैठे पाय अशा कितीतरी वस्तू येथे बिडाचा रस साच्यात ओतून तयार होतात.

हा धंदा कोल्हापुरात काही आभाळातून पडला नाही. शेतकऱ्याच्या विहिरीवर लागणारे ऑइल इंजिन आपणच का करू नये, या जिद्दीतून म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागीर-उद्योजकांनी येथे यंत्रे घडवायला सुरुवात केली. शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या छोट्या शेडमधून ती विद्या पसरली. इंजिन करायचे तर त्याचे भाग ओतायला हवेत. म्हणून भट्ट्या आल्या. आज कोल्हापूर परिसरात अशा लहानमोठ्या शेकडो फाउंड्र्या आहेत.

आज आपण या फाउंड्रीतल्या एका साध्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. प्रश्न शास्त्राचा आहे, पण नुसत्या शास्त्राने तो सुटत नाही. तो सोडवायला आठदहा माणसांना एकत्र बसून बोलावे लागते. कसे बसावे, काय बोलावे, कोणी आधी बोलावे, यांचेही एक तंत्र आहे.

चमचाभर पाणी

बीड साधारणपणे ११५० ते १२०० अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते. साच्यात ओतताना त्याचा रस चांगला पातळ असावा लागतो, म्हणून तो १४०० अंशांच्या आसपास तापवतात. तुमच्या घरी पाणी १०० अंशांना उकळते, तेव्हा त्याच्या वाफेने झाकण कसे उडते ते तुम्ही पाहिले आहे. आता हिशेब करा. एका चहाच्या चमच्यात सुमारे ५ ग्रॅम पाणी मावते. त्याची १०० अंशांना वाफ झाली तर ती आठ लिटरांहून थोडी अधिक जागा व्यापते. तीच वाफ १४०० अंशांपर्यंत तापली, तर तिला सुमारे ३८ लिटर जागा लागते. म्हणजे एका चमच्याच्या दोन-अडीच बादल्या! आणि हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते.

पाण्याचा थेंब रसाच्या पृष्ठभागावर पडला, तर तो तडतडतो आणि वाफ होऊन वर निघून जातो. खरा धोका आहे तो पाणी रसाच्या खाली सापडले तर. तिथे वाफेला वाट नसते. मग ती वरचा रस उडवून स्वतःची वाट करते. शंभर किलो वितळलेले लोखंड कारंज्यासारखे छपरापर्यंत जाते. जगभरच्या ओतकामातल्या भीषण अपघातांत या एका कारणाचा वाटा मोठा आहे.

आता तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "पण साच्याची वाळू तर ओलसरच असते! मग रस साच्यात ओतल्यावर स्फोट का होत नाही?" शंका अगदी रास्त आहे. साच्याच्या ओल्या वाळूत शेकडा तीन-चार भाग पाणी असते खरे. पण ते कणाकणावर पसरलेले असते, आणि वाळूच्या कणांमध्ये असंख्य बारीक फटी असतात. त्या फटींतून आणि मुद्दाम तारेने पाडलेल्या भोकांतून वाफ बाहेर पडते. वाळू चुकून जास्त भिजली किंवा फार घट्ट ठोकली, तर साचाही रस बाहेर फेकतोच. पाणी किती आहे याच्याइतकेच त्याच्या वाफेला वाट आहे की नाही हे महत्त्वाचे, असा याचा अर्थ. फाउंड्रीची जमीन सिमेंट काँक्रीटची असली तरी ओतकामाच्या जागेवर कोरड्या वाळूचा थर पसरतात, त्याचेही कारण हेच. काँक्रीटमध्ये पाणी मुरलेले असते. त्यावर रस सांडला की त्याचे टवके गोळीसारखे उडतात.

कुपोला गेला, भट्टी आली

पूर्वी कोल्हापुरात बीड वितळवायला बहुधा कुपोला वापरीत. कुपोला म्हणजे विटांचे अस्तर लावलेली उभी, उंच, नळकांड्यासारखी भट्टी. तिच्यात वरच्या दारातून कोक, भंगार आणि चुनखडी यांचे थर टाकायचे आणि खालून हवेचा झोत सोडायचा. कुपोलाचे स्वतःचे धोके काही कमी नाहीत. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, वासहीन विषारी वायू असतो. दिवसाचे काम संपल्यावर तळाची दारे उघडून जळता ढीग खाली पाडतात, तेव्हा ती जागा ओली असली तर मोठाच अनर्थ.

पण कुपोलात एक गोष्ट सोयीची होती. वरून टाकलेले भंगार गरम वायूंतून हळूहळू खाली सरकते. वितळण्याच्या जागी पोचेपर्यंत ते खडखडीत वाळलेले असते. त्यामुळे पावसात भिजलेले भंगार कुपोलात टाकले तरी फारसे कोणी घाबरत नसे.

नंतर विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या. या भट्टीत जाळ नसतो. तांब्याच्या पोकळ नळीची गुंडाळी एका मोठ्या मुशीभोवती बसवलेली असते. गुंडाळीतून उलटसुलट दिशेचा जबरदस्त विद्युत्प्रवाह सोडला की मुशीतल्या लोखंडातच प्रवाह निर्माण होतात आणि ते आतून तापून वितळते. स्वच्छ, झटपट आणि हवे तसे तपमान देणारी ही भट्टी. पण येथे नवे भंगार टाकतात ते थेट आधीच वितळलेल्या रसात! मधे वाळायला वेळच नाही. भिजलेला तुकडा, पाणी साठलेला नळाचा तुकडा, दोन्ही तोंडे बंद असलेली नळी, मोटारीचा जुना शॉक ॲब्सॉर्बर हे सारे रसात बुडले की आतल्या पाण्याला, तेलाला किंवा नुसत्या कोंडलेल्या हवेलाही वाट राहत नाही.

म्हणजे भंगार तेच, लोखंड तेच आणि कदाचित मिस्त्रीही तेच. भट्टी तेवढी बदलली, आणि कालपर्यंत चालणारी सवय आज प्राणघातक ठरली. मला वाटते, कारखान्यातली प्रक्रिया बदलताना यंत्राचा खर्च सगळे मोजतात, पण जुन्या सवयींची यादी करायला कोणी बसत नाही.

सहा चिठ्ठ्या, चार उत्तरे

आता आपण एका बैठकीला जाऊ. ही फाउंड्री काल्पनिक आहे, तिच्यातली माणसेही काल्पनिक आहेत. पण त्यांच्यापुढचे प्रश्न अगदी खरे आहेत. दिवस जूनचे आहेत. मृगाचा पाऊस सुरू झाला आहे. सकाळची पाळी सुरू होण्यापूर्वी मोल्डिंगच्या बाजूला आठ माणसे बाकांवर आणि उलट्या ठेवलेल्या खोक्यांवर बसली आहेत. साहेबांच्या केबिनमध्ये मुद्दामच बसलेली नाहीत. जिथे भट्टी दिसते, तिथे बसले की बोलणे हवेत जात नाही.

बैठक चालवायला फोरमन नाही, मालकही नाही. देखभाल विभागातला एक तंत्रज्ञ ती चालवतो आहे. त्याचे काम प्रश्न विचारण्याचे; उत्तरे देण्याचे नव्हे. मालक हजर आहेत, पण शेवटी बोलायचे असे त्यांनी कबूल केले आहे. ही अट फार महत्त्वाची. मालक पहिल्यांदा बोलले तर बाकीचे सात जण "बरोबर आहे साहेब" एवढेच म्हणतात आणि पाच मिनिटांत बैठक आटोपते.

तंत्रज्ञाने सहा कामगारांना एकेक कागदाचा चिटोरा दिला आणि एकच प्रश्न विचारला, "भट्टीत पडणारे भंगार कोरडे आहे, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची? शेजाऱ्याच्या कागदात न डोकावता लिहा."

चिठ्ठ्या उघडल्या. दोघांनी लिहिले, भट्टीवाल्याची. दोघांनी लिहिले, फोरमनची. एकाने लिहिले, भंगार उतरवून घेणाऱ्याची. आणि एकाने लिहिले, सर्वांची.

मग बोलणे सुरू झाले. फोरमन म्हणाला, "मी भट्टीवाल्यांना कधीच सांगून ठेवलंय."

भट्टीवाला म्हणाला, "आमच्याकडं माल येतो, तवा त्यो बघूनच आलेला असतोय की!"

भंगार उतरवून घेणारा म्हणाला, "मी वजन बघतो, पावती बघतो. वल्लं हाय का कोरडं, ते माझ्याकडं न्हाई."

तिघेही खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाच्या मनात हे काम दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर होते. "सर्वांची जबाबदारी" असे लिहिणाऱ्याचे मन चांगले होते. पण उद्या सकाळी नक्की कोणता माणूस त्या ढिगाजवळ जाऊन उभा राहणार, हे त्याच्या उत्तरातून कळत नव्हते.

आधी चिठ्ठी, मग चर्चा, हा क्रम का, हे तुमच्या ध्यानात आले असेल. तोंडी विचारले असते तर पहिल्या माणसाचे उत्तर सर्वांनी उचलले असते आणि हा गोंधळ झाकलेलाच राहिला असता.

पुढची पायरी म्हणजे भंगाराबरोबर चालणे. तंत्रज्ञ सर्वांना घेऊन फाटकापासून भट्टीपर्यंत निघाला. ट्रक कुठे उभा राहतो? ढीग उघड्यावर आहे की छपराखाली? ढिगाच्या तळाशी पाणी साचते का? तिथून भट्टीपर्यंत माल कोण आणतो? प्रत्येक थांब्यावर चारच प्रश्न. येथे काय बिघडू शकेल? ते आधी कोणाला दिसेल? काम थांबवण्याचा अधिकार कोणाला? आणि त्याने कोणाला सांगायचे? वीस मिनिटांत असे ठरले की ढीग पत्र्याखाली हलवायचा, बंद नळ्या उतरवतानाच बाजूला काढून कापायच्या, आणि दिवसभराचा माल आदल्या संध्याकाळी भट्टीजवळच्या कोरड्या फलाटावर आणून ठेवायचा. प्रत्येक कामापुढे एकाचे नाव आले. त्याच्या पुढच्या रकान्यात "तो रजेवर असल्यास कोण" हेही नाव आले. छपराचा खर्च अर्थातच मालकांच्या नावावर!

व्हिक्टोरिया गोदीतील एक दुपार

जबाबदारी कोणाची हे आधी ठरलेले नसले तर काय होते, याचे एक भयंकर उदाहरण आपल्या मुंबईतच घडले आहे. १४ एप्रिल १९४४. दुसरे महायुद्ध चालू होते. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १४०० टन स्फोटके होती, आणि कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी कापसातून धूर येऊ लागला. जहाजाचे कप्तान, अग्निशामक दलाचे अधिकारी, दारूगोळ्याचे तज्ज्ञ, गोदीचे अधिकारी असे सगळे जाणकार तिथे जमले. जहाज जागच्या जागी बुडवावे, असे एक मत. ते बाहेर समुद्रात न्यावे, असे दुसरे. पाण्याचा मारा करीत राहावे, असे तिसरे. वेळ जात राहिला. निर्णायक आज्ञा शेवटपर्यंत कोणाकडूनच आली नाही. चार वाजून गेल्यावर थोड्याच मिनिटांत पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. आजही १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ.

तेथे ज्ञानाची वाण नव्हती, धैर्याची तर मुळीच नव्हती. पण जहाज बुडवा असे म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे आग लागण्यापूर्वी ठरायला हवे होते. आग लागल्यावर चर्चा करायला वेळ असतो कुठे?

हे लक्षात ठेवून आपण पुन्हा फाउंड्रीत येऊ.

वीज गेली तर

इंडक्शन भट्टीच्या तांब्याच्या गुंडाळीतून एवढा प्रवाह जातो की ती स्वतःच वितळून जाईल. म्हणून त्या पोकळ नळीतून सतत थंड पाणी खेळवतात. नीट पाहा बरे: एका बाजूला १४०० अंशांचा रस, दुसऱ्या बाजूला वाहते पाणी, आणि दोहोंमध्ये काही इंच जाडीचे गारेच्या भुकटीचे अस्तर! हे अस्तर दर वितळणीबरोबर थोडेथोडे झिजते. ज्या यंत्राची सारी भिस्त पाणी आणि रस एकमेकांना भेटू न देण्यावर आहे, तेथे चर्चेला विषय कमी पडणार नाहीत.

अशा वेळी चर्चा भरकटू नये म्हणून एक युक्ती आहे. ब्रिटनमधल्या आय. सी. आय. या रसायन कंपनीतील इंजिनियरांनी १९६०च्या दशकात ती बसवली, आणि आता ती 'हॅझॉप' या नावाने जगभर वापरतात. प्रक्रियेचे एक साधे वाक्य घ्यायचे आणि त्याला ठरावीक शब्द लावून पाहायचे: नाही, कमी, जास्त, उलट, ऐवजी. आपले वाक्य आहे, "गुंडाळीतून थंड पाणी वाहत राहिले पाहिजे." पाणी 'नाही' आले तर? 'कमी' आले तर? थंड पाण्या'ऐवजी' क्षारांनी भरलेले पाणी आले तर नळीत आतून थर बसेल आणि पाणी हळूहळू कमी होत जाईल. 'उलट' हा शब्द ऐकून आपल्या बैठकीतले लोक हसले. पण थोड्या वेळाने इलेक्ट्रिशियन म्हणाला, "नळीला भोक पडलं तर पाणी बाहेर जायच्या ऐवजी भट्टीकडंच येईल." मग कोणी हसले नाही.

तंत्रज्ञाने विचारले, "वीज गेली. भट्टी बंद पडली. आता धोका संपला ना?"

तुम्ही काय उत्तर द्याल? विजेबरोबर तापवणे थांबते, पण पाण्याचा पंपही थांबतो. मुशीतला रस मात्र तसाच लाल असतो आणि त्याची उष्णता अस्तरातून गुंडाळीकडे येतच राहते. गुंडाळीतले थांबलेले पाणी उकळू लागते. म्हणूनच उंचावर एक टाकी ठेवलेली असते. झडप उघडली की तिच्यातले पाणी आपल्या वजनाने खाली येऊन गुंडाळीतून वाहू लागते. त्याला विजेची गरज नाही.

"ही झडप कोण उघडणार?"

भट्टीवाला म्हणाला, "इलेक्ट्रिशियन." इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मी तवा जनरेटर चालू करायला मागं पळालेला असतोय!" एकाच मिनिटाला एकाच माणसाच्या नावावर दोन कामे होती, शेडच्या दोन टोकांना. कागदावर सगळे ठाकठीक होते. पण माणूस एकच होता. हे आजवर कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण ती दोन कामे दोन वेगळ्या कागदांवर होती. ठरले असे की झडप भट्टीवाल्याच्या मदतनिसाने उघडायची, आणि ती लाल रंगाने रंगवून हाताशी येईल अशी बसवायची.

दुसरा प्रश्न याहून अवघड निघाला. अस्तर झिजून रस गुंडाळीकडे झिरपू लागला, तर सूचना देणारी घंटा वाजते. घंटा वाजली की भट्टी तत्काळ रिकामी करावी लागते. पण अर्धा टन रस वाळूत ओतून टाकणे म्हणजे दिवसाच्या मालावर पाणी सोडणे. घंटा खोटीही वाजते अधूनमधून. भट्टीवाला फोरमनकडे पाहणार, फोरमन मालकांना फोन लावणार, मालक म्हणणार "पाच मिनिटे थांबा". फोर्ट स्टिकिनची दुपार आठवते ना? मालकांनी तेव्हा प्रथमच तोंड उघडले. घंटा वाजल्यावर भट्टी रिकामी करण्याचा निर्णय पाळीवरच्या भट्टीवाल्याने एकट्याने घ्यावा, घंटा खोटी ठरली तरी त्याला जाब विचारला जाणार नाही, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले, आणि फळ्यावर लिहून खाली सही केली.

"रिकामी करायची, पण कुठे?" तंत्रज्ञाने विचारले.

"पुढच्या खड्ड्यात," चौघे एकदम म्हणाले. भट्टीपुढे त्यासाठीच एक खड्डा राखलेला असतो.

सगळ्यांत मागे खोक्यावर बसलेला एक पोरगेला मदतनीस होता. कामावर येऊन त्याला जेमतेम महिना झाला होता. बैठकीच्या नियमाप्रमाणे त्याला पुन्हा विचारले गेले, "तुला काही म्हणायचंय?" तो चाचरत म्हणाला, "त्या खड्ड्यात पाणी साठलंय. पत्रा गळतोय तिथं. मी रोज झाडतो नव्हं का."

आठही माणसे उठली आणि खड्ड्याकडे गेली. खड्ड्याच्या तळाशी बोटभर पाणी होते. गच्च भरलेल्या भट्टीतला रस संकटकाळी जिथे ओतायचा, त्याच जागी! हा धोका फोरमनला माहीत नव्हता, मालकांना माहीत नव्हता, तंत्रज्ञालाही नव्हता. तो ज्याला माहीत होता त्याला रस आणि पाणी यांचे वैर ठाऊक नव्हते, आणि त्याला आजवर कोणी काही विचारलेही नव्हते. त्या दिवशी पहिली वितळण दोन तास उशिरा लागली. आधी पत्रा बदलला, खड्डा उपसला, आणि त्यात कोरडी वाळू पसरली.

पाळी बदलताना

फळ्यावर नावे लिहून झाली, म्हणजे काम झाले असे मात्र नाही. स्कॉटलंडजवळच्या समुद्रात 'पायपर आल्फा' नावाचा तेल-वायूचा मोठा मंच होता. ६ जुलै १९८८ रोजी तेथे एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती आणि त्या जागी नुसते झाकण बसवलेले होते. पंप चालवू नये, असा कागदही रीतसर केलेला होता. पण दिवसपाळीने रात्रपाळीला ते तोंडी सांगितले नाही, आणि तो कागद रात्रपाळीच्या हाती लागला नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हा पंप सुरू केला. झाकणातून वायू गळला, स्फोट झाला, आणि १६७ माणसे मरण पावली. म्हणून कोणत्याही जबाबदारीच्या चर्चेत एक प्रश्न हवाच: पाळी बदलताना हे कोण कोणाला, कोणत्या जागी उभे राहून सांगणार? आपल्या फाउंड्रीत असे ठरले की जुन्या आणि नव्या पाळीच्या भट्टीवाल्यांनी भट्टीपाशीच पाच मिनिटे एकत्र उभे राहायचे. अस्तर किती झिजले, खड्डा कोरडा आहे का, झडप कशी आहे, हे दाखवून मग एकाने जायचे.

कायदा काय म्हणतो

भोपाळची विषारी वायूची दुर्घटना १९८४ सालच्या डिसेंबरात घडली. त्यानंतर १९८७ साली १९४८च्या कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांच्या यादीत, रासायनिक कारखान्यांच्या बरोबरीने, फाउंड्र्यांचाही समावेश होता. अशा कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे सारखेच प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती हवी, आणि तातडीचा धोका दिसला तर तो निदर्शनास आणण्याचा कामगाराला हक्क आहे, असे त्या दुरुस्तीने सांगितले. पुढे २०२० साली संसदेने कामाच्या जागेच्या सुरक्षिततेसाठी जी नवी संहिता मंजूर केली, तीतही सुरक्षा समितीची तरतूद आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बैठकीत कामे वाटून घेतली, म्हणून मालकाची जबाबदारी संपली असे होत नाही. कारखाना सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य कायद्याने मुळात त्याचेच आहे. मदतनिसाने झडप उघडायची. पण टाकीत पाणी असणे, झडप न अडखळता फिरणे, मदतनिसाला ते शिकवणे, यांसाठी पैसा आणि वेळ द्यायचा तो मालकाने. काही ठिकाणी चर्चेच्या नावाखाली कामगारांकडून कागदावर सह्या घेऊन सारा भार त्यांच्याच माथी मारतात. असली बैठक न भरलेली बरी.

तुमच्या शाळेत

विद्यार्थी मित्रांनो, फाउंड्रीत तुम्ही इतक्यात जाणार नाही, आणि मोठ्या माणसांशिवाय जाऊही नका. पण अशी बैठक तुम्हांला शाळेत भरवता येईल. प्रयोगशाळा घ्या, नाहीतर पोषण आहाराचे स्वयंपाकघर घ्या. मुख्याध्यापकांची परवानगी काढा. शिक्षक, प्रयोगशाळेचे परिचर किंवा स्वयंपाक करणाऱ्या मावशी यांना बैठकीत अवश्य बसवा. काम त्या करतात, तेव्हा खरी माहिती त्यांच्यापाशी. आठदहांपेक्षा जास्त जण नकोत आणि विषय एकच ठेवा. चाळीस मिनिटांत जेवढे होईल तेवढेच.

उदाहरणार्थ, विषय असा घ्या: "स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर?" गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो. विजेचे बटण दाबले, मग ते चालू करायला असो की बंद करायला, ठिणगी पडू शकते. एवढे शास्त्र आधी सर्वांना सांगून टाका. मग चिठ्ठ्या वाटा आणि विचारा: सिलिंडरची कळ कोण बंद करणार? मावशी त्या वेळी वर्गात वाढायला गेल्या असतील तर कोण? खिडक्या-दारे कोण उघडणार? मुलांना बाहेर काढायचे कोणी ठरवायचे, आणि शाळेची घंटा विजेची असेल तर ती वाजवायची की नाही? गॅस एजन्सीचा दूरध्वनी क्रमांक कुठे लिहिलेला आहे? चिठ्ठ्या उघडल्यावर किती वेगवेगळी उत्तरे येतात ते मोजा. स्वयंपाकघरातल्या कोणत्याही कळीला किंवा नळीला विद्यार्थ्यांनी हात लावायचा नाही. पाहायचे आणि विचारायचे तेवढे.

बैठकीत सर्वांत धाकट्या मुलाला पहिल्यांदा बोलू द्या. कोणी "हे काय विचारतोस!" असे म्हणू लागला तर बैठक चालवणाऱ्याने त्याला थांबवावे. मागे कधी कोणाची चूक झाली याची चौकशी काढू नका. ती निघाली की माणसे गप्प होतात. शेवटी फळ्यावर चार रकाने आखा: काम, कोण करणार, तो नसल्यास कोण, केव्हापर्यंत. महिन्याने पुन्हा बसाल तेव्हा हाच फळा पुढे ठेवा आणि न झालेल्या कामांपासून सुरुवात करा.

आणि एक तालीम करून पाहा. आपल्या काल्पनिक फाउंड्रीतल्या लोकांनीही ती केली. भट्टी थंड असताना, तंत्रज्ञाने हातात घड्याळ धरून "वीज गेली!" असे ओरडून सांगितले. मदतनीस लाल झडपेकडे धावला. पहिल्या वेळी पाणी गुंडाळीत पोचायला एक मिनिट चाळीस सेकंद लागले, कारण वाटेत साच्यांच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या होत्या. त्या हलवल्या. दुसऱ्या वेळी बावीस सेकंद लागले.